पाणी-नळी: भोकं पाडलेला फूटभर पाईप भातशेतीत पैसे वाचवतो का?

आधी निकाल सांगून टाकते, म्हणजे घाईत असलेल्यांना पुढचं वाचायला नको. पाण्याचे पैसे तुम्ही तासावर भरत असाल, मग ते डिझेल इंजिन असो, भाड्याचा पंप असो की मीटरवरची वीज, तर खाचरातल्या पाण्याची पातळी दाखवणारी ही नळी डोळे झाकून घ्या. पाचपैकी साडेचार गुण. पाणी हंगामाच्या ठोक पट्टीवर मिळत असेल तर पाचपैकी दोन, तेही हात सैल सोडून. एकाच वस्तूचे दोन निकाल का, तर आमची निम्मी खाचरं पंपावर आहेत आणि निम्मी कालव्यावर. नळी दोन्हीकडे तीच, वाण तोच, लावणारे हात तेच. वहीतली पानं मात्र अशी निघाली की एकाच घरची म्हणून कुणी ओळखणार नाही.

वही माझ्याकडे असते. शेत दादा बघतो. त्यामुळे हे परीक्षण पाण्यात उभं राहून लिहिलेलं कमी आणि वहीसमोर बसून लिहिलेलं जास्त आहे. दादाचं मत काही ठिकाणी वेगळं आहे, तेही सांगेन, नाहीतर घरी ऐकून घ्यावं लागेल.

वस्तू काय आहे ते बघू. सुमारे ३० सेंटिमीटर लांबीचा प्लास्टिकचा पाईप, व्यास १० ते १५ सेंटिमीटर. खालच्या अर्ध्या भागाला चहूबाजूंनी भोकं, वरचा अर्धा भाग कोरा. भोकांचा भाग जमिनीत ठोकायचा, कोरा भाग वर ठेवायचा, आतला चिखल हाताने उपसून तळ दिसेल इतका साफ करायचा. झालं. यात हलणारा एकही भाग नाही. फिलिपीन्समधली आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्था, जिला सगळे इरी म्हणतात, तिने ओलं-सुकं पद्धत, म्हणजे खाचर सतत भरून न ठेवता मधूनमधून सुकू द्यायची रीत, आणि तिच्यासोबत ही नळी शेतकऱ्यांपर्यंत नेली. पाईप नसेल तर बांबू चालेल, असंही त्यांच्या सूचनांमध्ये आहे. म्हणजे विकत घ्यायलाच हवी अशी ही वस्तू नाही. आम्ही तयार घेतली, कारण भोकं पाडत बसायला वेळ नव्हता.

ती काय करते, तर न दिसणारं पाणी दाखवते. खाचरातलं वरचं पाणी आटलं, चिखल चमकायचा थांबला की आपला जीव खालीवर होतो आणि हात पंपाकडे जातो. पण मुळांच्या आसपास पाणी अजून असतंच. नळीत डोकावलं की ते दिसतं. नियम असा की नळीतलं पाणी जमिनीच्या पातळीपासून १५ सेंटिमीटर खाली उतरेपर्यंत पाणी द्यायचं नाही. उतरलं की साधारण ५ सेंटिमीटर पाणी उभं राहील इतकं द्यायचं, पुन्हा उतरू द्यायचं. १५ सेंटिमीटरची ही मर्यादा पाळली तर उत्पन्न घटत नाही, म्हणून तिला सुरक्षित मर्यादा म्हणतात. लावणीनंतर एक-दोन आठवड्यांनी सुरुवात करायची. तण फार असेल तर आणखी दोन-तीन आठवडे थांबायचं, कारण उभं पाणी हेच भाताचं सगळ्यात स्वस्त तणनाशक आहे. आणि फुलोऱ्याच्या आधीचा एक आठवडा, फुलोरा आणि नंतरचा एक आठवडा हे सगळं बंद. तेव्हा खाचर भरलेलंच हवं.

आता दर्जाबद्दल. आमच्याकडे आलेल्या नळ्यांची भोकं यंत्राने पाडलेली होती, पण आतल्या बाजूचे प्लास्टिकचे तुसे कुणी साफ केलेले नव्हते. चिखल उपसताना बोटं सोलवटतात. हे सहन करता येईल. खरी अडचण वेगळी आहे. तुशांमध्ये चिखल अडकतो आणि काही दिवसांत भोकं लिंपली जातात. मग बाहेरचं पाणी उतरत जातं आणि आतलं तसंच कोंडून राहतं. नळीत डोकावणाऱ्याला वाटतं, पाणी आहे की. तिकडे खाचराला भेगा पडायला लागलेल्या असतात. न चालणारी नळी पाणी वाया घालवत नाही, ती उलट बाजूने फसवते, आणि ते जास्त महाग पडतं. तपासायची रीत सोपी आहे: पाणी दिल्यावर काही तासांत नळीच्या आतली आणि बाहेरची पातळी सारखी झाली पाहिजे. झाली नाही तर भोकं बुजली आहेत. दादाने सगळ्या नळ्या काढून भोकं कानशीने घासली आणि भोवती पातळ जाळी गुंडाळली. त्यानंतर तक्रार नाही. पण हे काम विकणाऱ्याचं होतं.

ठोकतानाही एक गोष्ट सांभाळावी लागते. वर्षानुवर्षांच्या चिखलणीने नांगराखाली जो कठीण थर बसलेला असतो, तोच भाताचं पाणी धरून ठेवतो. नळी जोरात ठोकून त्या थरातून पार नेली तर आत दिसणारी पातळी खाचराची राहत नाही. सोबत मिळालेल्या कागदावर याबद्दल एक ओळही नव्हती. जागा निवडणं हाही अर्धा खेळ आहे. बांधाजवळ हवी, म्हणजे रोज चिखल तुडवत मध्यापर्यंत जावं लागत नाही, पण बांधाला चिकटून नको. खोलगटात नको, उंचवट्यावर नको. आमचं एक खाचर एका अंगाला किंचित कललेलं आहे, तिथे एका नळीने भागत नाही. जमीन सपाट नसेल तर नळी घेण्याआधी सपाटीकरणावर खर्च करा, हे दादाचं मत आहे आणि ते मला पटतं.

वरून झाकण नाही, ही आणखी एक उणीव. बेडकं आत जाऊन बसतात. त्यांना हाकलणं हा घरातल्या पोरांचा उद्योग आहे, गुण कापण्याइतकी ही तक्रार नाही.

ही नळी लागायचीच का, असं कुणी विचारेल. भाताला पाणी भरून ठेवायची सवय चुकीची कधीच नव्हती. पाऊस हप्त्याहप्त्याने येत होता तेव्हा ती फुकटात पडत होती. हवा एक अंश तापली की ती सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरते. मग ते बाष्प सुटतं तेव्हा धो-धो सुटतं, आणि दोन पावसांमधला कोरडा काळ लांबतो. हंगामाची बेरीज केली तर पाऊस कदाचित तेवढाच भरेल. पण भात बेरजेवर पिकत नाही. एका रात्रीत पडलेलं पाणी सांडव्यावरून निघून जातं आणि पुढच्या कोरड्या दिवसांत तेच पाणी पंपाने विकत घ्यावं लागतं. माझ्या वहीत पंपाच्या रकान्याला पूर्वी पानाच्या तळाशी दोन ओळी पुरायच्या. आता त्याला वेगळं पान आहे. पाण्याची भूक या पिकाची मोठीच आहे: जगाची सरासरी काढली तर पाऊस आणि सिंचन धरून एक किलो भातामागे सुमारे २,५०० लिटर पाणी जातं. हवामान बदलामुळे भातशेतीचा नफा घटतो म्हणतात, त्याचा पहिला हप्ता आम्हाला पंपाच्या पानावर दिसला. पीक हातचं गेलं नव्हतं, दाणा चांगला होता, तरी पैसे कमी उरले.

म्हणून पंपाच्या खाचरांतला हिशेब आधी मांडते. नळी लावल्यापासून पंपाचे तास साधारण चौथ्या हिश्शाने उतरले. इरीचे लोक ३० टक्क्यांपर्यंत पाणी वाचतं म्हणतात, म्हणजे आमचा अनुभव त्या मापात बसतो. उत्पन्न जिथे होतं तिथेच राहिलं. डिझेल वाचलं ते थेट वाचलं, मध्ये कुणी दलाल नाही. नळ्यांचा खर्च पहिल्याच हंगामात निघाला आणि वर उरलं.

पण वाचलेलं सगळं हातात राहिलं नाही. खाचर मधूनमधून उघडं पडलं की तण उसळतं. बेणणीची एक पाळी वाढली, आणि मजुरी ही आमच्याकडे डिझेलच्या खालोखालची जड नोंद. दुसरं म्हणजे युरिया. ओलं-सुकं चालू असताना खत कधी टाकायचं याला महत्त्व येतं. जमीन सुकलेली असताना, पाणी देण्याच्या अगदी आधी टाकलं तर पाण्याबरोबर ते मुळांपर्यंत उतरतं. उभ्या पाण्यात भिरकावलं तर बराचसा नत्र हवेत उडून जातो. दादाला ही शिस्त लागायला वेळ गेला. म्हणजे डिझेलमध्ये जेवढं वाचलं त्यातलं काही बेणणीने परत घेतलं, तरी जमेची बाजू ठळक राहिली. साडेचार गुण त्याचे.

कालव्याच्या पानावर मात्र नळीने मला हसवलं. पाणीपट्टी क्षेत्रावर आहे. एक पाळी घ्या किंवा सगळ्या घ्या, आकडा तोच. पाणी वाचवलं त्याचं माझ्या वहीत काहीच झालं नाही. वाचलेलं पाणी कालव्याच्या शेपटाकडच्या शेतकऱ्याला मिळालं असेल तर चांगलंच आहे, पण बेणणीचा वाढलेला खर्च त्याने दिला नाही. त्याहून अवघड गोष्ट म्हणजे भरवसा. नळी म्हणते, अजून चार दिवस थांब, आत पाणी आहे. पण पाळी आज आली आहे आणि पुढची कधी येईल याची खात्री नाही. अशा वेळी शहाणा माणूस नळीकडे बघत नाही, दार उघडतो आणि खाचर काठोकाठ भरून घेतो. दादाने तेच केलं आणि मी त्याला काही बोलले नाही. ज्या वर्षी धरणात पाणी कमी असतं त्या वर्षी तर माणसं अधिकच भरून ठेवतात. म्हणजे पाण्याची बचत जिथे सगळ्यात जास्त हवी तिथेच ही नळी शोभेची वस्तू होते. दोष नळीचा नाही, पट्टी आकारायच्या पद्धतीचा आहे. पण मी परीक्षण वस्तूचं लिहितेय, आणि वस्तू ज्या व्यवस्थेत वापरायची तिच्यासकटच गुण द्यावे लागतात.

आता विकणारे जे सांगत नाहीत ते. नळीच्या जाहिरातीत “बदलत्या हवामानावर उपाय” असं लिहिलेलं असतं. हवामान भातातून पैसे तीन-चार दारांनी काढतं, आणि ही नळी त्यातलं एकच दार अडवते.

सगळ्यात मोठी गळती उष्णतेची आहे आणि ती पंपाच्या पानावर दिसत नाही. भाताची फुलं सकाळी उमलतात, दुपारपर्यंत मिटतात. त्या थोड्या वेळात तापमान ३५ अंशांच्या वर गेलं तर परागकण वांझ होतात, दाणा भरतच नाही. लोंबी वरून बघायला ठीक दिसते, हातात घेतली की हलकी लागते. दाबून बघा, निम्म्या दाण्यांत नुसतं टरफल. फुलोऱ्यात खाचर भरलेलं ठेवायचा नियम नळीसोबत येतो तो बरा आहे, पण नळीत पाणी किती आहे याने सूर्य खाली येत नाही.

रात्रीचं तर कुणी बोलतच नाही. दिवसाच्या उन्हाची बातमी होते, रात्रीच्या उकाड्याची होत नाही. रोप दिवसा जी साखर तयार करतं त्यातली काही रात्री श्वसनात जाळतं, आणि रात्र जितकी गरम तितकी जास्त जाळतं. इरीच्याच शेतावरच्या नोंदींवरून २००४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला: हंगामातलं किमान तापमान, म्हणजे रात्रीचं, एका अंशाने वाढलं की कोरड्या हंगामातलं भाताचं उत्पन्न १० टक्क्यांनी घटलेलं दिसलं. तिथल्या १९७९ ते २००३ या काळात दिवसाचं तापमान ०.३५ अंशाने वाढलं होतं आणि रात्रीचं १.१३ अंशाने. हे आकडे मी वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलेत. खत तेच, पाणी तेच, रोग नाही, मग पोती कमी का भरली, हा प्रश्न घरात निघाला की ते पान उघडते. पटतंच असं नाही, पण निदान खत विकणाऱ्याला शिव्या कमी पडतात.

जे पिकलं त्याची प्रतही उतरते, आणि नफ्याच्या दृष्टीने मला हे सगळ्यात जास्त लागतं. दाणा भरताना उकाडा असेल तर स्टार्च नीट दाटून बसत नाही. तांदळाच्या दाण्यात पांढरा, खडूसारखा डाग राहतो. एक दाणा उजेडासमोर धरून बघा. चांगला असेल तर काचेसारखा आरपार उजेड येतो. डागाचा असेल तर पोटाशी ढग दिसतो. तो ढग म्हणजे दाण्याचा कच्चा भाग, गिरणीत तिथूनच तो मोडतो. भातातून तूस आणि कोंडा गेल्यावर साधारण ६८ ते ७२ टक्के तांदूळ उतरतो. पण पैसे त्या आकड्यावर ठरत नाहीत. अख्खा तांदूळ किती आणि कणी किती, यावर ठरतात. वजन तेवढंच, किंमत वेगळी. जपानमध्ये २०२३ च्या कडक उन्हाळ्यात निगाता प्रांतातल्या कोशिहिकारी या नावाजलेल्या तांदळातला पहिल्या प्रतीचा माल ५ टक्क्यांच्या आसपास उरला. एवढी काटेकोर शेती करणाऱ्यांची ही गत, तर बाकीच्यांनी काय बोलावं.

कापणीच्या वेळचा अवेळी पाऊस हा आणखी एक खर्च. पक्व झालेलं पीक दिवसा सुकतं, रात्री भिजतं, आणि दाण्याला आतून बारीक तडे जातात. बाहेरून काही दिसत नाही, गिरणीवाला मात्र ओळखतो. ओलं भात तसंच पोत्यात भरलं तर तापतं आणि पिवळं पडतं. साठवायचं तर ओलावा १४ टक्क्यांपर्यंत उतरवावा लागतो, आणि ऊन नसेल तर तो भाड्याच्या यंत्रात उतरवावा लागतो. ही नोंद माझ्या वहीत नव्याने सुरू झाली आहे.

आणि पूर. पाणी कमी पडतं तेव्हा नळी उपयोगाची. पाणी डोक्यावरून जातं तेव्हा ती पाण्याखाली बुडालेला पाईप असते, बाकी काही नाही. तिथे उपाय बियाण्यात आहे. ओडिशातल्या एफआर१३ए या जुन्या वाणात बुडूनही तग धरायचा गुण होता, त्यामागचा सब१ए हा जनुक २००६ मध्ये उजेडात आला आणि २००९ मध्ये स्वर्णा-सब१ हा वाण भारतात प्रसारित झाला. सुमारे दोन आठवडे पूर्ण पाण्याखाली राहूनही तो पुन्हा उभा राहतो. तुमची जमीन सखल असेल आणि पैसे एकाच गोष्टीला पुरत असतील, तर नळीआधी असं बियाणं घ्या. समुद्राकाठी खारं पाणी आत शिरतं तिथली कथा आणखी वेगळी. व्हिएतनाममधल्या मेकाँगच्या मुखाशी २०१५-१६ मध्ये खारटपणाने भाताचं मोठं नुकसान झालं. तिथे आधी पाण्याची चव बघायची, पातळी नंतर.

वाईट वर्षात भाव तरी चढतो ना, असं बाहेरचे लोक म्हणतात. चढतो. २०२३ मध्ये भारताने बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात थांबवली आणि जगाच्या बाजारात तांदूळ बरीच वर्षं पाहिला नव्हता इतका महागला. पण चढलेला भाव ज्याच्या कोठारात माल आहे त्याचा असतो. ज्याचं पीक उन्हाने पोचट गेलं त्याला त्या भावात खायला विकत घ्यावं लागतं.

आता कार्बनचे पैसे, म्हणजे हवा तापवणारे वायू कमी सोडल्याबद्दल शेतकऱ्याला मिळायचे म्हणतात ते. नळी विकायला येणारा माणूस हल्ली हे वाक्य सगळ्यात आधी टाकतो. शास्त्र खरं आहे. खाचरात सतत पाणी उभं असलं की चिखलात हवा पोचत नाही, तिथले जीवाणू हवा तापवणारा मिथेन वायू तयार करतात आणि तो भाताच्या रोपाच्याच पोकळ नळ्यांतून वर येतो. मधूनमधून जमीन उघडी पडली की हे चक्र तुटतं. देशांच्या उत्सर्जनाच्या सरकारी हिशेबांसाठी हवामान बदलावरच्या आंतरशासकीय मंडळाने २००६ मध्ये जे गुणक दिले, त्यांत वारंवार सुकवलेल्या खाचराचा मिथेन सतत भरलेल्या खाचराच्या ५२ टक्के धरला होता. म्हणजे जवळपास निम्मा. जमीन ओली-सुकी होताना नायट्रस ऑक्साईड हा तसलाच दुसरा वायू थोडा वाढतो, पण गोळाबेरीज फायद्याचीच राहते. व्हिएतनामने तर २०३० पर्यंत १० लाख हेक्टरवर कमी उत्सर्जनाचं भात घ्यायचा कार्यक्रम २०२३ मध्ये मंजूर केला, त्यात ही पद्धतही आहे.

पण शास्त्र खरं म्हणून पैसे खरे होत नाहीत. २०२४ मध्ये वेरा या कार्बन प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेने चीनमधले भाताचे ३७ प्रकल्प नाकारले, कारण दाखवलेली बचत नीट सिद्ध होत नव्हती. आमच्याकडे आलेल्या माणसाने कागद पुढे केला तेव्हा मी तीन गोष्टी विचारल्या. मोजणार कोण, पैसे कोणत्या महिन्यात येणार, आणि एका हंगामात पाणी भरून ठेवावं लागलं तर आधीचे पैसे परत मागणार का. तिसऱ्या प्रश्नावर तो पाणी प्यायला उठला. मी सही केली नाही. तुम्ही करायची तर खुशाल करा, पण नफ्याच्या रकान्यात तो आकडा खात्यावर पैसे जमा झाल्यावरच लिहा.

एक चांगली गोष्ट मात्र कुणी जाहिरातीत टाकत नाही. जिथे पाण्यात किंवा मातीत आर्सेनिक आहे, तिथे खाचर मधूनमधून सुकवल्याने दाण्यात उतरणारं आर्सेनिक कमी होतं. उलट कॅडमियम हा विषारी धातू असलेल्या जमिनीत तेच सुकवणं नडतं. माती तपासून घ्या, इतकंच.

सेन्सरवाली नळीही आम्ही एका हंगामापुरती वापरायला आणली होती. वरच्या टोपणात बॅटरी आणि पातळी मोजणारं यंत्र, मोबाईलवर संदेश. कल्पना छान. दूरच्या खाचरासाठी दादाच्या फेऱ्या वाचतात. पण भोकं बुजली की सेन्सरही तेच खोटं सांगतो, फक्त जास्त आत्मविश्वासाने. शिवाय पावसाळी ढग दाटले की रेंज जाते, आणि नेमकी तेव्हाच ती हवी असते. तिच्या एका नगाच्या पैशात साध्या नळ्यांनी आमची सगळी खाचरं भरली असती. पंपच आपोआप चालू-बंद करणारी मोठी व्यवस्था असेल तर विचार करा. आमच्यासारख्यांना डोळे आणि मोजपट्टी पुरते. मोजपट्टीवरून आठवलं, नळीच्या आत १५ सेंटिमीटरवर पक्क्या रंगाची रेघ छापलेली असेल तीच घ्या. आमच्या नळ्यांवर चिकटपट्टी होती, ती पहिल्या पंधरवड्यात सुटली.

दादाचं अंतिम मत: नळी चांगली, पण माणसाला नळीपेक्षा वर उभं पाणी बघून झोप चांगली लागते. माझं मत वर आलंच आहे. येत्या हंगामात पंपाच्या सगळ्या खाचरांत ती राहील. कालव्याकडच्या आम्ही काढून पंपाकडे लावणार आहोत, तिकडे तासावर पट्टी सुरू झाली तर पुन्हा बघू.

घेणाऱ्यांनी दुकानातच बोट आत घालून भोकांचे तुसे तपासा, पांढरा किंवा फिका पाईप घ्या म्हणजे आत पाणी स्पष्ट दिसतं, आणि वरच्या टोकाला लाल फडकं बांधा. भात वाढलं की नळी दिसत नाही. कापणीचं यंत्र शेतात घालण्याआधी किती ठोकल्या होत्या ते वहीत बघून तेवढ्या बाहेर आल्या का ते मोजा. यंत्राच्या पात्यात पाईप गेला तर दुरुस्तीचं बिल डिझेलची बचत एका दिवसात खाऊन टाकतं.